कपडे ऐच्छिक असलेल्या कॅम्पवर तंबूची जागा कशी निवडावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्युनिकमध्ये राहणारे एक मराठी दांपत्य जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात क्रोएशियातील इस्त्रियाच्या किनाऱ्यावर, व्रसारच्या आसपासच्या नेचरिस्ट (म्हणजे विवस्त्र राहणाऱ्यांच्या) कॅम्पवर, चार रात्रींसाठी जाणार आहे. तीन माणसांचा साधा तंबू आणि स्वतःची गाडी आहे, पण अशा ठिकाणी राहण्याची ही पहिलीच वेळ आहे. पत्नीला संकोच वाटतो. त्यामुळे कुंपणालगतची, झुडपांच्या आडची कोपऱ्यातील जागा मागून घ्यावी, की थोडे पैसे जास्त गेले तरी समुद्रासमोरची पहिली रांग घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे. जर्मनीत आल्यापासून माझे बहुतेक उन्हाळे याच किनाऱ्यावर तंबूत गेले आहेत आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की या दोन्ही जागा घेऊ नयेत. मधल्या रांगांतील, पूर्वेला आणि पश्चिमेला झाड असलेली, स्वच्छतागृहापासून साठ-सत्तर पावलांवरची सपाट जागा घ्यावी. असे का, ते पुढे सविस्तर सांगतो.

जागेकडे वळण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. ‘कपडे ऐच्छिक’ आणि ‘नेचरिस्ट’ हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु व्यवहारात त्यांत फरक आहे. पहिल्या प्रकारच्या कॅम्पवर कपडे घालावेत की न घालावेत हे सर्वत्र आपल्यावर सोडलेले असते. दुसऱ्या प्रकारात मात्र पोहण्याचा तलाव आणि किनारा येथे पोहण्याचे कपडेदेखील चालत नाहीत. दुकानात आणि उपाहारगृहात मात्र बहुतेक ठिकाणी अंगावर काहीतरी असावे लागते. आपल्या तंबूपाशी कसे बसावे याची सक्ती सहसा दोन्हीकडे नसते आणि थंडी वाजली की स्वेटर घालणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. याशिवाय काही ठिकाणांचा रंगच वेगळा असतो. फ्रान्समधील काप द’आग्द येथील नेचरिस्ट वस्तीचा काही भाग प्रौढांच्या रात्रजीवनासाठी ओळखला जातो आणि शांत सुटीसाठी गेलेल्या नवख्या माणसाची तेथे पंचाईत होऊ शकते. इस्त्रियातील जुने कॅम्प त्या जातीचे नाहीत. व्रसारच्या दक्षिणेचा कोव्हरसादा कॅम्प १९६१ साली एका छोट्या बेटापासून सुरू झाला. ते बेट पुलाने किनाऱ्याला जोडलेले आहे आणि तेथील वातावरण सकाळी पाव आणायला निघालेल्या आजोबा-आजींचे आहे. आपण निवडलेला परिसर पहिल्या खेपेसाठी योग्य आहे.

आता कोपऱ्याविषयी. पहिल्यांदा जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आडोसा शोधतो आणि आडोसा म्हटला की त्याला कुंपण आठवते. मीही तेच केले होते. कॅम्पच्या अगदी टोकाला, तीन बाजूंनी दाट झुडपे असलेली एक जागा नकाशावर पाहूनच मी ठरवून टाकली होती. संध्याकाळी तंबू उभा राहिला आणि झुडपांच्या पलीकडून सायकलच्या घंटीचा आवाज आला. कुंपणाला लागूनच बाहेरची सार्वजनिक पायवाट होती. तीवरून जाणारे दहातले नऊजण सरळ निघून जात, दहावा मात्र हटकून बूट बांधायला नेमका तेथेच थांबे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे सामान उचलून कॅम्पच्या मध्यभागी गेलो. तेथे डाव्या हाताला एक डच जोडपे आणि उजव्या हाताला पत्ते खेळणारे चार निवृत्त जर्मन, असे सगळे उघड्यावर होते, आणि तरीही दोन तासांत माझे अवघडलेपण गेले. झुडपाच्या आड बसलेल्या माणसाला आपण लपलो आहोत याचे भान सतत राहते. आजूबाजूचे सगळेच तसे असले, की लपण्यासारखे काही उरत नाही. कुंपणाजवळ बघे येतात. कॅम्पच्या पोटात ते पोचू शकत नाहीत, कारण तेथवर येणाऱ्याला दोनशे लोकांच्या नजरेसमोरून यावे लागते, आणि जुने कॅम्पवासी अशा माणसाला हटकायला कचरत नाहीत.

काही कॅम्पवर कपड्यांतील लोकांचा, म्हणजे नेचरिस्ट मंडळी ज्यांना ‘टेक्सटाइल’ म्हणतात त्यांचा, वेगळा विभाग शेजारीच असतो. त्या सीमेलगतची जागाही याच कारणासाठी टाळावी. आरक्षण करताना नकाशावर ती सीमा कोठे आहे हे विचारून घ्यावे.

समुद्रासमोरची पहिली रांग ही दुसरी मोहाची जागा. छायाचित्रात ती सर्वांत सुंदर दिसते आणि दरही तिचाच सर्वांत जास्त असतो. इस्त्रियाचा हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे मात्र छायाचित्र सांगत नाही. जुलैत तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे दुपारी तीनपासून जवळजवळ सहा तास ऊन समोरून, पाण्यावरून परावर्तित होऊन, थेट अंगावर येते. पूर्ण कपड्यांत असलेला माणूस ते कसेबसे सोसेल. पण आयुष्यात कधी ऊन न पाहिलेली कातडी पहिल्याच दिवशी भाजून निघते, आणि आपली कातडी सावळी आहे म्हणून ती भाजत नाही हा समज चुकीचा आहे. दुसरी अडचण होड्यांची. व्रसार, पोरेच आणि रोव्हिन्य येथून लिमच्या खाडीकडे पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या होड्या दिवसभर किनाऱ्याजवळून जातात. त्यांवरील लोकांना आपण ठिपक्याएवढेच दिसतो, पण ज्या व्यक्तीला मुळातच संकोच आहे तिला ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगत जाणारी होडी दर तासाला पाहणे सुखाचे नाही. तिसरी गोष्ट म्हणजे पहिल्या रांगेपुढूनच सगळ्यांची पोहायला जाण्याची वाट असते, त्यामुळे तेथे वर्दळ सकाळी सातला सुरू होते.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. स्थानिक लोक वाऱ्यांना नावाने ओळखतात. उन्हाळ्यात चांगल्या हवेच्या दिवशी दुपारी वायव्येकडून समुद्रावरचा वारा येतो, तो मायस्त्राल. तो सुखद असतो, पण पाण्यातून ओल्या अंगाने बाहेर आल्यावर पहिल्या रांगेत चांगलीच हुडहुडी भरवतो. आग्नेयेकडून येणारा यूगो दमट असतो आणि समुद्र खवळवतो. ईशान्येकडून, जमिनीवरून, झोताझोताने येणारी बुरा थंड आणि कोरडी असते. तिचा खरा जोर हिवाळ्यात असला तरी उन्हाळी वादळानंतर ती एखादा दिवस डोकावते. या सगळ्यांहून तंबूवाल्याने धास्ती घ्यावी ती नेवेराची. हे पश्चिमेकडून अचानक येणारे वादळ असते. आपल्याकडे वळवाचा पाऊस येतो तसे तासाभरात आकाश काळे होते, पंधरा-वीस मिनिटे तांडव चालते आणि मग पुन्हा ऊन पडते. त्या वेळी पहिल्या रांगेतील तंबू आधी आडवे होतात. दोन-तीन रांगा मागे असलेल्याला पुढची झाडे आणि पुढचे कॅराव्हॅन आडोसा देतात. आडोसा हवाच असेल तर तो वाऱ्यासाठी शोधावा.

सावलीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण भारतातून आलेला माणूस येथे हमखास चुकतो. पुण्यात मे महिन्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, म्हणून झाडाखाली बसले की सावली मिळते हे आपले गणित असते. इस्त्रिया पंचेचाळीस अंश उत्तरेला आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य सर्वांत उंच चढतो तो घड्याळाच्या एकच्या पुढे दहा मिनिटांनी, आणि तोही दक्षिणेकडे कललेला, सुमारे सदुसष्ट अंशांवर. त्या वेळी दहा मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे जेमतेम सव्वाचार मीटर पडते. पण संध्याकाळी पाच वाजता सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला आणि अडतीस अंशांवर असतो, आणि त्याच झाडाची सावली पूर्वेकडे बारा-तेरा मीटर पसरते. सकाळी आठ वाजता तो जवळपास सरळ पूर्वेला असतो आणि तोवर उन्हातल्या तंबूची भट्टी झालेली असते. यावरून निष्कर्ष असा निघतो की तंबूच्या पूर्वेला एक झाड असावे, म्हणजे सकाळी साडेआठपर्यंत झोपता येते. आणि पश्चिमेला, आठ-दहा पावलांवर का होईना, एक उंच झाड असावे, म्हणजे दुपारनंतर बसायला सावली मिळते. भर दुपारच्या सावलीची फार चिंता करू नये, कारण त्या वेळी माणूस पाण्यात असतो किंवा उपाहारगृहात. जागा पाहायला जाताना मोबाइलमधील होकायंत्र उघडून दिशा पाहावी. मात्र कॅमेरा उघडू नये. अशा कॅम्पवर छायाचित्रणाचे नियम फार कडक असतात, आणि हातात मोबाइल उभा धरून झाडांकडे पाहणाऱ्या नवख्या माणसाबद्दल शेजाऱ्यांचा गैरसमज व्हायला एक क्षण पुरतो. मोबाइल आडवा, जमिनीला समांतर धरावा.

झाड कोणते, यालाही महत्त्व आहे. या किनाऱ्यावर पाइन आणि सदाहरित ओक ही दोन झाडे मुख्य आहेत. पाइनची सावली विरळ, पण हवा खेळती. ओकची सावली दाट आणि थंड. पाइनखालच्या जागेत एक गोम असते, ती म्हणजे त्याचा डिंक. उन्हात तो फांद्यांवरून ठिबकतो, तंबूच्या कापडावर बसला की निघत नाही आणि खुर्चीवर पडलेला थेंब कपडे नसलेल्या माणसाला कोठे चिकटतो हे वेगळे सांगायला नको. पाण्याने आणि साबणाने तो केवळ पसरतो. खोबरेल तेलाचे बोट फिरवले की दोन मिनिटांत सुटतो. तेव्हापासून माझ्या सामानात खोबरेलची छोटी बाटली असते आणि शेजारच्या तंबूंतून तिला बऱ्यापैकी मागणी असते. जागा पाहताना जमिनीवर, आधीच्या तंबूच्या खुणेत, पिवळसर चकचकीत ठिपके दिसले तर ती जागा सोडून पुढे जावे. पाइनच्या झाडीत दिवसभर सिकाडा या किड्यांचा कर्कश आवाज असतो, तो मात्र अंधार पडला की थांबतो. दाट पाइनच्या जंगलातील कॅम्पवर राहायचे असेल तर बाहेर पडण्याची वाट पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी. जुलै २०२२ मध्ये फ्रान्सच्या जिरोंद भागातील वणव्यात पिलाच्या प्रसिद्ध वाळूच्या टेकडीपायथ्याचे पाच कॅम्प उद्ध्वस्त झाले. माणसे वाचली, कारण हजारो लोकांना आधीच हलवण्यात आले होते.

जमिनीची परीक्षा डोळ्यांनी करू नये, तळपायांनी करावी. चपला काढून त्या शंभर चौरस मीटरच्या तुकड्यावर सावकाश फिरावे. येथे आपण दिवसभर अनवाणी आणि बऱ्याचदा उघड्या अंगाने जमिनीवर बसणार असतो, त्यामुळे काटेरी गवत, टोकदार खडी आणि मुंग्यांची रांग यांचा त्रास नेहमीच्या कॅम्पपेक्षा दुप्पट होतो. वाळलेल्या पाइनच्या सुया कोठे ओळीने साचल्या आहेत ते पाहावे, कारण मागच्या पावसाचे पाणी त्या ओळीतून वाहिलेले असते आणि पुढच्या नेवेरात ते तेथूनच वाहणार. पिवळ्या पडलेल्या गवताचा चौकोन दिसला तर कोणीतरी तेथे सुखाने राहून गेले आहे असे समजावे. मग त्या चौकोनात पाठीवर आडवे व्हावे. डोके कोणत्या बाजूला जड वाटते ते कळते, आणि झोपताना डोके चढाच्या बाजूला ठेवायचे हे ठरते. इस्त्रियाची माती लाल आहे, पाहताक्षणी महाबळेश्वरची आठवण व्हावी इतकी. पण तिच्याखाली वीतभरावर चुनखडीचा खडक असतो. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या तेथे वाकतात. लांब पोलादी खिळे आणि खरा लोखंडी हातोडा न्यावा. लाल माती पांढऱ्या टॉवेलला लागली की जात नाही, आणि बसण्यापूर्वी टॉवेल अंथरणे हा येथील पहिला शिष्टाचार असल्यामुळे टॉवेल गडद रंगाचे असलेले बरे.

उंच गवताला आणि झुडपांना खेटून तंबू लावू नये, त्यात गोचिडी असतात. आपण दक्षिण जर्मनीत राहत असल्यामुळे गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लस डॉक्टरांनी सुचवली असेलच. नसेल तर विचारावे. कपडे नसल्याचा एक फायदा येथे आहे: अंगावर चढलेली गोचीड लगेच दिसते.

स्वच्छतागृह साठ-सत्तर पावलांवर असावे असे वर म्हटले. वीस पावलांवर असेल तर रात्रभर दार आपटते, दिव्याभोवती डास जमतात आणि सर्वांचा शॉर्टकट आपल्या तणाव्यांवरून जातो. दोनशे पावलांवर असेल तर पहाटे तीन वाजता त्याचे अंतर कोसभर वाटते. कचऱ्याच्या पेट्यांजवळची जागा नको, कारण गाडी सकाळी सहाला येते. विजेच्या खांबाचे अंतर पंचवीस मीटरच्या आत असावे आणि युरोपीय कॅम्पची निळी तीन पिनांची जोडणी जवळ असावी. किती अँपिअर मिळणार हे विचारून घ्यावे. सहा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॅट, आणि आपली घरची विजेची किटली साधारण दोन हजार वॅटची असते. सकाळच्या चहासाठी ती लावली की खटका पडतो, आणि त्याच खांबावरील चार शेजाऱ्यांशी पहिली ओळख फारशी चांगली होत नाही. गॅसची छोटी शेगडी न्यावी.

आता पत्नीच्या संकोचाचा प्रश्न, जो मूळ प्रश्नाच्या मुळाशी आहे. तो नुसत्या जागेने सुटत नाही, तंबू कसा मांडतो यानेही सुटतो. आपल्या जुन्या घरांत रस्ता आणि माजघर यांच्यामध्ये अंगण आणि ओसरी असे. ओसरीवर बसलेला माणूस घरातही असे आणि बाहेरही. तंबूला ओसरी नसते, म्हणून आत गुदमरायचे नाहीतर एकदम चव्हाट्यावर यायचे, एवढेच दोन पर्याय उरतात आणि नवख्या माणसाला तेच जड जाते. तंबूचे दार वाटेकडे न ठेवता मागच्या बाजूला ठेवावे आणि दारापुढे तीन मीटर लांब-रुंद ताडपत्रीचे छत दोन काठ्यांवर ताणावे. तंबूच स्वतः वाटेच्या बाजूची भिंत होतो, गाडी दुसऱ्या बाजूला उभी केली की ओसरी तयार. तेथे साडी नेसून बसा, लुंगी गुंडाळून बसा, नाहीतर काहीही न घालता बसा; शेजारी हात हलवून ‘मोर्गन’, म्हणजे सुप्रभात, म्हणेल आणि पुढे जाईल. छताला चारी बाजूंनी पडदे मात्र लावू नयेत. बंद खोलीसारखी रचना या लोकांना खटकते, आणि ज्याने सगळ्यांकडे पाठ फिरवली त्याच्याकडेच सगळ्यांचे लक्ष जाते, असे मी वारंवार पाहिले आहे. पत्नीने पहिले दोन दिवस पूर्ण कपड्यांत काढले तरी काही बिघडत नाही. किनाऱ्यावर जाताना तेवढा कॅम्पचा नियम पाहावा.

शेजारी कोण आहेत हे पाहून जागा घ्यावी, यात संकोच करू नये. कॅराव्हॅनपुढे फुलांच्या कुंड्या, झाडू आणि लाकडी पाटी असलेली जुनी मंडळी शेजारी असतील तर शांतता हमखास मिळते. फक्त दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत खुंट्या ठोकू नयेत. जागा पक्की करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना जाऊन नमस्कार करावा आणि तणावा कोठपर्यंत चालेल हे विचारावे. बोलताना नजर चेहऱ्यावर असावी, एवढे जमले की बाकी आपोआप जमते.

भारतात परतल्यावर गोव्यात असे काही मिळेल का, असेही विचारले आहे. नाही. तेथे नग्नतेला बंदी आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या २९६ व्या कलमाखाली सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याबद्दल कारवाई होऊ शकते. कोणी खासगीत आमंत्रण दिले तरी त्या फंदात पडू नये.

शेवटी पोचण्याच्या वेळेविषयी. जुलैत शनिवारी निघू नये. ऑस्ट्रियातील बोगद्यांपुढे गाड्यांची रांग लागते आणि संध्याकाळी उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला उरलेली जागा येते. रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी अकराच्या आत पोचावे. त्या वेळी लोक जागा सोडत असतात आणि स्वागतकक्षातील माणसे अजून दमलेली नसतात. क्रमांक घेण्याआधी पाहून येण्याची परवानगी मागावी आणि तीन क्रमांक लिहून घेऊन गाडी तेथेच ठेवून पायी जावे. पाहून आल्यावरही चूक झालीच, तर पहिल्या रात्री सगळे सामान उलगडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत जागा बदलून मागितली आणि रिकामी असली, तर बहुतेक ठिकाणी देतात. मला त्या कुंपणाजवळून दिली होती, आणि तंबू न मोडता तसाच उचलून न्यायला पत्ते खेळणाऱ्या त्या चारांपैकी दोघेजण, डाव तसाच टाकून, अंगावर फक्त टोप्या घालून आले होते.